मचाण काही केल्या टिकेना

प्रतीक्षा भाकरीचं फडकं घेऊन मक्याच्या बांधावर आली, तेव्हा तिच्या डोक्याच्या वर दोन पाय होते. त्या पायांना पुढे एक माणूस जोडलेला होता. तो मचाणाच्या उभ्या लाकडी बल्लीला मिठी मारून लटकला होता आणि त्याच्या तोंडात दोर होता.

"कोन तुमी?"

"म्म."

"बाबानं बलावलं का मचान बांधाले?"

"म्म."

बिचारा... बोलता येत नाही वाटतं. प्रतीक्षाला वाईट वाटलं. मुक्या माणसासमोर आपण जरा मोकळंच बोलतो.

"दिसाले मातर चांगला देला देवानं," ती स्वतःशीच म्हणाली.

त्यानं दोराचा आणखी एक वेढा घातला, गाठ आवळली, तोंडातलं टोक सोडलं आणि म्हणाला, "थँक्यू."

त्याचं नाव हरिओम. संग्रामपूरच्या आसपास लग्नाचा मांडव असो की शेतातलं मचाण, बल्ल्या दोरानं बांधायच्या म्हटलं की त्यालाच बोलावणं जायचं. सातपुड्यातून उतरणारे रोही, म्हणजे नीलगायी, प्रतीक्षाचे बाबा उकंडराव यांचा मका खायचे. म्हणून हे मचाण. संध्याकाळी ते उभं राहिलं, हरिओम गेला, आणि शेत एकदम रिकामं वाटायला लागलं. मका होता तेवढाच होता. तरी.

दुसऱ्या दिवशी मचाणाची एक गाठ सुटलेली.

उकंडरावांनी फोन केला. हरिओम आला, काही न बोलता पुन्हा बांधून गेला. प्रतीक्षानं चहा दिला. मग दुसरी गाठ सुटली. मग तर गाठींना सवयच लागली.

"काऊन बे हरिओम," उकंडराव म्हणाले, "मचान बांधून राह्यला का नोकरी करून राह्यला?"

रोही बांधावर उभे राहून काम पाहायचे. एकाला तर हरिओमच्या येण्याची वेळ पाठ झाली होती.

पण गावात बोलणं सुरू झालं... हरिओमची गाठ टिकत नाही. नारायणरावांनी पोरीच्या लग्नाचा मांडव लोखंडी पाइपवाल्याला द्यायचं ठरवलं. एक मांडव गेला की मागोमाग सगळेच जातात. त्या रात्री प्रतीक्षानं आपली भाकर तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरभुर लागली होती. हरिओम मचाणावर गाठ बांधत होता. ती वर चढली.

"हरिओम... गाठी म्या सोडल्या."

त्यानं मान वर केली नाही. "मालूम हाये."

"कसं?"

"आपोआप सुटला तं दोर लोंबते. तुमच्या इथं घडी करून, वर गोटा ठेवून सापडते."

"उडून गेला असता—"

"हाव. काथ्याचा दोर. हवेनं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"पयल्या खेपेले तुमचं नख तुटलं होतं. चहा देताना दिसलं. म्हून मंग सरकगाठ मारू लागलो. एक टोक ओढलं का सुटते."

मक्याच्या पानांवर थेंब वाजत होते.

"पण नारायणरावले सांगू नका," तो हळूच म्हणाला. "गावभर तुमचं नाव होईन. मांडव गेला तं गेला."

"सकाळीच सांगून आली."

त्याच्या हातातला दोर थांबला. "काय... म्हणले?"

"आंदी पाणी देलं. मंग हसले ते हसतच राह्यले. म्हणे, मांडव त्यालेच देतो. पण त्याच्या सोताच्या लग्नाचा मांडव कोन बांधीन?"

"मीच बांधीन. दुसऱ्याच्या गाठीवर माहा भरोसा नाही."

"हळदीच्या आंगानं? बल्लीवर?"

"उतरीन ना मुहूर्ताले."

ती हसली. मग बोटाला दोराचं टोक गुंडाळत म्हणाली, "मंग... माह्या बाबाले इचारशीन?"

तोंडातलं ‘तुमी’ कधी सुटलं, तिलाही कळलं नाही. हरिओमनं तिच्या बोटावरून टोक सोडवलं, दातांत धरलं, दोन्ही हातांनी वेढे आवळले. मग तिच्याकडे पाहिलं.

"म्म."

पहिल्या दिवशीसारखंच. पण आता तिला ती भाषा येत होती.

खाली मक्यातून उकंडरावांचा आवाज आला. "तोंडातला दोर काढून इचार बे! आन् ते गाठ पक्की मार. मका रोह्यायनं खाल्ला तं लग्न कशावर करू?"

बांधावरचा रोही थोडा वेळ थांबला. मग शांतपणे सातपुड्याकडे निघाला... त्याचं इथलं काम संपलं होतं.