मधली खुर्ची

सिडनीतल्या त्या कचेरीच्या जिन्यात तीन वर्षांपूर्वी ब्रॉन्विनची कॉफी लॉकलनच्या पांढऱ्या शर्टावर सांडली, आणि तेव्हापासून दोघं एकत्र सिनेमे बघत होते. एकत्र म्हणजे कसले! कोणता सिनेमा कितव्या वर्षापासून बघावा, आधी कशाचा इशारा द्यावा, हे ठरवणं त्यांचं काम. एकाचं मत दुसऱ्याला लागू नये म्हणून दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी, आणि कागद भरून होईतो बोलायचं नाही. त्या एका खुर्चीपायी ब्रॉन्विनचा जीव तीन वर्षं टांगणीला लागला होता.

आणि सोमवारी हा लॉकलन निघाला होता पर्थला, नव्या नोकरीवर. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

शेवटचा सिनेमा आला तोही शार्कचा. लहानपणी किनाऱ्यावर शार्क दिसल्याचा भोंगा वाजला, की ब्रॉन्विनचे बाबा तिला काखोटीला मारून पाण्याबाहेर पळायचे. तो भोंगा अजून तिच्या पोटात वाजायचा. अडतिसाव्या मिनिटाला पडद्यावरचं पाणी गप्प झालं आणि तिनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा एक्केचाळिसावं मिनिट सरत होतं. कागदावर तेवढ्या मिनिटांची ओळ कोरी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

दिवे लागले. शेवटच्या दिवशी ही शोभा, असं मनाशी म्हणत तिनं कागद पुढे केला. त्यानं आपला दिला. बाकी सगळं जुळत होतं — रक्त, किंकाळ्या, पंधराच्या आतल्यांनी मोठ्या माणसासोबतच बघावा... आणि अडतीस ते एक्केचाळीस त्याच्याही कागदावर कोरं.

"तूपण घाबरलास?" तिनं हसून विचारलं.

"नाही." लॉकलननं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "तू डोळे मिटलेस ना... मग मी तुझ्याकडेच बघत बसलो."

ब्रॉन्विनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हे तू आज सांगतोयस? सोमवारी विमान आहे तुझं."

"म्हणून तर चाललोय. एक खुर्ची सोडून बसणं आता सोसत नाही मला."

हसावं की याला चांगलं बदडावं, तिला कळेना. तीन वर्षं! वेडा कुठला...

ओळ कोरी ठेवून चालणार नव्हतं. लॉकलननं सिनेमा पुन्हा अडतिसाव्या मिनिटावर आणला आणि आपल्या जागी येऊन बसला. ब्रॉन्विन उठली, मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

"मी एकतीस वर्षांची आहे," पडद्याकडे बघत ती म्हणाली, "पण हा सिनेमा मला एकटीला बघवणार नाही. आणि पुढचेही नाहीत... पर्थला तसं कळवून टाक."

"कळवतो," तो म्हणाला, आणि त्यानं तिचा हात हातात घेतला.

पाणी गप्प झालं. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. शार्क आला, होडी उलटली, तिनं सगळं पाहिलं. ओळ तिनंच भरली. लॉकलनला विचारून उपयोग नव्हता. त्यानं याही खेपेला पडद्याकडे पाहिलंच नव्हतं.