पश्चिमेची भिंत

नवव्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीतला ओलावा तेरा टक्के होता. दहाव्या दिवशी चौदा. तिने मापकाच्या सुया पुसून पुन्हा टोचल्या. चौदाच. मातीची भिंत वाळत जाते, उलटी ओली होत नाही.

गावाबाहेरचं हे लहानसं घर तिने स्वतः आखलं होतं, तिथल्या जुन्या घरांसारखं: हातभर जाड भिंती, पुढे आलेलं छप्पर, पाडलेल्या घरांतून आणलेली दारं. माती आवारातलीच. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा याच जागेवर मातीचा नमुना घ्यायला आला आणि परतला नाही. पोलिसांनी विहीर उपसली, झाडी पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

निजण्यासाठीचा ओटा म्हातारा मिस्त्री जुन्या पद्धतीने भिंतीतूनच काढायचा. ओट्याचं माप ठरवायला घरात माणसं किती, ते विचारायचा. ती "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेई. बाकी घर उभं राहिलं, ओटा अडला.

नणंद आली की कागद पुढे सरकवायची. भाऊ हयात नाही असं कोर्टात लिहून द्यायचं होतं. सही हिची हवी होती.

"सगळं मोजतेस गं वहिनी," ती म्हणाली होती, "माणसं तेवढी मोजवत नाहीत तुला."

बाराव्या दिवशी तीन भिंती खडखडीत वाळल्या. पश्चिमेची सोळा टक्क्यांवर गेली. छप्पर गळत नव्हतं, पायातून ओल चढत नव्हती. तिने तापमान घेतलं. तीन भिंती चोवीस अंश. ही सदतीस.

नणंदेदेखत तिने मिस्त्रीला विचारलं, या भिंतीची माती कुठली. तो थापी पुसू लागला.

"मागच्या कुंपणाजवळची. कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरत होती, ताई. आधी कुणी उकरून बुजवल्यासारखी. आम्ही म्हटलं, बरं झालं, कंबर वाचली."

त्याने मान वर केली नाही. "पाडू या. माती चाळून बघू."

नणंदेने दाराची चौकट घट्ट धरली.

तिने मापक टोचला. सोळा, सतरा, सोळा. घड्याळ लावलं. आकडा मिनिटाला चौदा वेळा वर-खाली होत होता.

झोपेत नवऱ्याचा श्वास एवढाच संथ चालायचा.

तिने भिंतीवर तळहात ठेवला.

आकडा थांबला. कुणी ऐकायला श्वास रोखावा तसा.

"ओटा दोघांचा करा," ती मिस्त्रीला म्हणाली. "याच भिंतीला लागून."