आनंदरावांचा पुढचा डबा

बत्ती राहू दे पीयूष, पण पंखा बंद कर. त्याच्या खडखडीत गोष्ट हरवते.

ही नेहरू नगरच्या सरलाबाईंची आहे. बाई अजून धडधाकट आहे, कोणी विचारलं तर तोंडावर हो म्हणेल.

सहा वर्षं झाली. कार्तिक महिना होता. पिठलं-भाताचा टिफिन कापडी पिशवीत घालून सरला नवऱ्यासोबत भिलाईच्या पावर हाउस वस्तीत, आनंदरावांच्या घरी निघाली. आनंदराव रविवारी वारले होते आणि हा तिसरा दिवस. सुतकाच्या घरात दोन घास पोचवायचे, एवढंच काम.

आनंदराव आणि सरलाचा नवरा नरहरी, दोघं भिलाई स्टील प्लांटच्या रेल्वे खात्यातले. रिटायर झाले आणि दोघांना एकच खूळ लागलं, दुर्ग-रायपूर लोकलची छोटी गाडी. नरहरीनं वरच्या खोलीत प्लायवूडवर सगळी लाइन अंथरली होती. दुर्ग, भिलाई नगर, पावर हाउस, भिलाई-तीन, कुम्हारी, थेट रायपूर. फलाटांवर पिवळ्या पाट्या, वर तांब्याच्या बारीक तारा. त्या तारेचे तुकडे त्याच्या खिशात नेहमी असायचे. मागचे डबे त्यानं इकडून तिकडून जमवले. पण जो पुढचा डबा गाडीला ओढतो, तो त्याच्याकडे नव्हता. तो आनंदरावांनी पत्रा कापून हातानं केला होता. वीतभर लांब, पण काचा, दिवे, ड्रायव्हरची खिडकी, सगळं हुबेहूब.

नरहरी दर रविवारी मागायचा. आनंदराव हसायचे.

"मोटर बसवाची हाये अजून, भाऊ. बसवली का मीच घेऊन येतो. पण पयली फेरी माह्या हातची, सांगून ठेवतो!"

आणि रविवारीच गेले.

त्या मंगळवारी सरला रत्नमालाजवळ बसली. रत्नमाला म्हणजे आनंदरावांची बायको. नरहरी पाणी प्यायला म्हणून आतल्या खोलीत गेला. आला तेव्हा टिफिनची पिशवी त्याच्या हातात होती.

"मी धरतो ना," सरला म्हणाली.

"राहू दे."

तीस वर्षांत त्या माणसानं भाजीची पिशवी उचलली नव्हती. सरलाला तेव्हाच खटकायला हवं होतं. तेरवी होईपर्यंत गेलेल्या माणसाची सुईसुद्धा घराबाहेर काढत नाहीत, हे लहान पोरालाही माहीत असतं.

पुढच्या मंगळवारी दहावा. शिवनाथ नदीच्या घाटावर पिंड मांडला, तीळ घातलेल्या भाताचा. सगळे मागे सरकले. झाडावर पाच-सहा कावळे बसलेले. एकही खाली येईना.

रत्नमाला हात जोडून म्हणाली, "आपल्या धाकट्या रेणूचं लग्न मी करतो जी, तुमी काळजी नका करू."

कावळे नुसते बघत राहिले.

दिरानं घराचं वचन दिलं. थोरल्या जावयानं सासूला सांभाळायचं दिलं. बारा वाजले. एक वाजला. भातावर माश्या बसल्या. रत्नमालाच्या पोटात सकाळपासून पाणी नव्हतं. ती सरलाच्या कानाशी आली.

"त्याइची मोटर बसवाची राहिली, वो. मोटर कपाटात कागदात बांधून हाये. पण डबाच सापडून नाही राहिला. सारं घर पायलं."

नरहरी दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं. सरलानं पाहिलं की त्यानं ऐकलं. त्याच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर संपत होतं सगळं. त्यानं घड्याळ बघितलं.

"कवापर्यंत उभं ठेवता बाईले? दर्भाचा करा कावळा अन् शिववा."

आणि बसलाही स्वतःच. भराभर गवत वळलं, चोच काढली, मान सुटायला लागली तशी खिशातली तांब्याची तार काढून गळ्याला आवळली. तो गवताचा कावळा पिंडाला लावला आणि नदीत सोडला. सरलानं त्याला वाहत जाताना पाहिलं. झाडावरचे कावळे ओरडले नाहीत. उडालेही नाहीत.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. सरला डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आली, तर वरून आवाज येत होता.

गाडी चालत होती.

ती वर गेली. दारातच वास आला. दोन दिवसांचा आंबलेला भात, त्यात ओलं कापड कुजल्यासारखा. नरहरी प्लायवूडला पोट टेकून बसला होता. डोळे लकलकत होते.

"पाय! पाय कशी पळून राहिली!"

पुढे आनंदरावांचा डबा होता.

"तुमी... कवा आणला?"

"तिसऱ्या दिवशी. ते बाई काय करन त्याचं? दहावा होऊ दिला ना मी? थांबलो ना?"

गाडी दुर्गहून निघाली. भिलाई नगर. पावर हाउसला आली आणि थांबली. त्यानं बटण दाबलं नव्हतं. थोड्या वेळानं आपोआप निघाली. परत फिरून आली. परत पावर हाउस. परत थांबली.

रुळांवर काहीतरी चिकट, पांढरं पसरलं होतं. मुंग्या लागल्या होत्या. नरहरी बोटानं ते पुसत होता आणि बोट लुंगीला.

"टिफिनातला भात लागला असन पिशवीत," तो म्हणाला.

सरला वाकली. भातात काळे तीळ होते.

तिनं पिठलं-भातात तीळ घातले नव्हते.

"अहो, त्यात मोटर नाही," ती म्हणाली. "मोटर तिकडं कपाटात हाये."

नरहरीचा हात थांबला. घाटावर त्यानंही ऐकलं होतं, गाडीच्या नादात विसरला होता.

गाडी चालत होती...

त्यानं बटण बंद केलं. गाडी चालत होती. त्यानं वायर उपसली. गाडी पावर हाउसला आली. थांबली.

त्यानं डबा उचलला. स्क्रू काढले. छत उघडलं.

भात. काठोकाठ. ठासून भरलेला, पिवळट, सुटलेला. वर बोटं दाबल्याच्या खुणा. मोठ्या माणसाची चार बोटं, वीतभर डब्यात. आणि तो भात हळूहळू फुगत होता. बसत होता. फुगत होता...

सरलाला तिथंच ओकारी आली.

आणि तो माणूस काय म्हणाला, माहीत आहे?

"धुऊन घेतो. धुतलं का चालन."

त्या भाताची तिला इतकी किळस आली नाही, जितकी त्या वाक्याची आली. तिनं त्याच्या हातातून डबा हिसकला, पेपरात गुंडाळला आणि रात्रभर उशाशी घेऊन बसली. वासासकट.

उजाडताच ती रत्नमालाच्या दारात होती. काहीच लपवलं नाही. रत्नमालानं पेपर उघडला. आत भाताचं एक शीत नव्हतं. कोरडा, स्वच्छ पत्रा. रेणूनं कपाटातली मोटर काढून बसवली आणि गच्चीवर आनंदरावांचे हातभर रूळ मांडले. बापाच्या फोटोला डबा लावला, मग रुळावर सोडला. शेजारी पानावर भात वाढला.

डबा अर्ध्यावर पोचला नव्हता, तोच कावळा आला. घास घेतला. गेला.

रत्नमाला तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

सरला घरी आली. नरहरी वरच्या खोलीच्या दारात उभा होता. आत जात नव्हता. नुसतं बोट दाखवत होता.

प्लायवूड कोरडं होतं. मुंग्या गेल्या होत्या. फक्त पावर हाउसच्या फलाटावर, पिवळ्या पाटीखाली, एक दर्भाचा कावळा बसला होता. गळ्याला तांब्याची तार. अंगातून पाणी गळत होतं. चोच नरहरीकडे.

सरलानं त्याला हात लावला नाही. खोलीला कुलूप घातलं.

नरहरी आता भात खात नाही. ताटात दिसला तरी उठून जातो.

दर कार्तिकात सरला ते कुलूप उघडून बघते. सहा वर्षं झाली. सगळ्या लाइनवर बोटभर धूळ आहे.

कावळा अजून ओला आहे.