तळघरातल्या माशांवर संकट

"दादा, वर जाऊ या ना!" टिटवीने दादाचा सदरा मागून घट्ट धरला होता.

"भित्री भागूबाई! बरणीतले मासे चावतात होय?" शेजारचा ढब्बू हसला खरा, पण त्याचाही आवाज जरा चिरकाच निघाला.

सुट्टी लागल्यापासून तिघं रोज आत्याबरोबर संग्रहालयात येत. आत्या माशांची शास्त्रज्ञ. लहानपणी ती बाजारातल्या माशांची तोंडं उघडून दात बघायची आणि कोळणींच्या शिव्या खायची. पुढे तिने नद्या, ओढे, गुहा पालथ्या घातल्या. तिने आणलेले मासे इथे तळघरात, स्पिरिटने भरलेल्या बरण्यांत ओळीने उभे होते. त्यांत एक मासा तर बिनडोळ्यांचा, गुहेतल्या अंधारात राहणारा. आत्यानेच शोधलेला! त्या गुहेतला झरा पुढे आटला. आता जगात त्या जातीची एवढी एकच बरणी उरली होती.

आत्या वर भिंगाखाली एका माशाच्या पोहायच्या परांमधले काटे मोजत होती. "शार्क बघून या. कशाला हात मात्र लावायचा नाही!" असं बजावून तिने तिघांना खाली पाठवलं होतं.

शेकडो निर्जीव डोळे टिटवीकडे टक लावून बघत होते. पण तिला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची.

"दादा, आज वास फार येतोय. आणि पंख्याची घरघर कुठे गेली?"

हवा बाहेर फेकणारा भिंतीतला मोठा पंखा बंद होता! दादा पुढे सरकला आणि त्याच्या पायाखाली पचकन आवाज झाला. फडताळामागे कुणीतरी लोखंडी गज आणून टाकले होते. त्यांतला एक घसरून स्पिरिटच्या पिंपावर पडला होता, आणि मोडलेल्या नळातून धार लागली होती.

तेवढ्यात वरच्या झरोक्याच्या जाळीत निळा लखलखाट झाला. एक ठिणगी आत आली आणि भिंतीवरच विझली.

टिटवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वेल्डिंग! बाहेर वेल्डिंग चाललंय! स्पिरिट पेट घेईल! पळा!"

तिघंही जिना चढून धापा टाकत वर आले. दादा आत्याला बोलवायला धावला. टिटवी आणि ढब्बू अंगणात पोचले. शिडीवर तोंडाला ढाल लावून वेल्डर काम करत होता. खाली संग्रहालयाचे व्यवस्थापक उभे होते.

"काका, थांबवा! तळघरात स्पिरिट सांडलंय!"

"तिथे नेहमीच वास येतो. चला, खेळा जा तिकडे!"

"पण पंखासुद्धा..."

"पंख्याची लाइन मीच वेल्डिंगला दिलीय. समजलं? निघा!"

ठिणग्या जाळीवर तडतडत होत्या. ढब्बूने तिच्याकडे पाहिलं आणि एकदम बोंब ठोकली, "अहो काका, तुमच्या नव्या गाडीवर रंगाचा डबा सांडला!"

"काय?" व्यवस्थापक फाटकाकडे सुसाट पळाले!

टिटवी वेल्डिंगच्या काळ्या वायरच्या मागे धावली. वायर तळघरावरच्या बोळातल्या विजेच्या बोर्डात गेली होती. सगळी बटणं सारखीच! वायरचं टोक जिथे शिरलं होतं, तिथलं बटण तिने शोधलं. अखेर खट्! अंगणातला निळा उजेड विझला.

"कोण रे ते?" वेल्डर खाली उतरला. झरोक्यापाशी येताच त्याने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! मला कुणी सांगितलंच नाही, खाली काय आहे ते!"

आत्या धावत आली. "खालच्या एकाही बटणाला हात लावू नका, ठिणगी उडेल! आधी दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा!" तिनेच अग्निशमन दलाला फोन केला. त्यांच्या माणसांनी गळती थांबवली आणि तळघरात कोंडलेली वाफ बाहेर काढली. एकही बरणी फुटली नव्हती.

व्यवस्थापक मान खाली घालून उभे होते. गाडीवर रंगाचा थेंबही नव्हता, पण ढब्बूला रागवायचं ते साफ विसरले होते!

संग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! आज तुम्ही नसतात, तर अख्खी इमारत गेली असती."

तेव्हा कुठे टिटवी हुंदके देऊन रडायला लागली. "आत्या, मी खूप घाबरले होते गं!"

आत्या तिच्याशेजारी पायरीवरच बसली. "मीसुद्धा. आत्ताही छाती धडधडतेय, बघ." तिने टिटवीला जवळ ओढलं. "आमच्या कामाला अशीच माणसं लागतात, बाळा. नीट बघणारी, आणि घाबरली तरी धावणारी."