खिडकीपाशचं उंच टेबल

ज्या दिवशी माझी खुर्ची गेली, त्याच दिवशी तो मला पहिल्यांदा जवळून दिसला.

बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे आमचं काम. बसायच्या रांगा दोन. प्रत्येक रांगेत आदल्या दिवशी ज्याचे फोन सगळ्यात लांबले, त्याची खुर्ची साहेब सकाळी स्वतः ओढून नेत. मग त्यानं दिवसभर खिडकीपाशच्या उंच टेबलाशी उभं राहून फोन घ्यायचे. बाकीचे खाली मान घालून हसत. न हसणाऱ्याकडे साहेबांचं लक्ष जाई.

दुसऱ्या रांगेतून तो आला होता. हेडफोन सारखा करत हळूच म्हणाला, "तुमचं काय चुकलं?"

"एका आजींना बटण सापडत नव्हतं."

"सापडलं?"

"शेवटी... हो."

"मग चुकलं कुठे?"

तिथं मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर करडं आभाळ, खाली उभ्या गाड्यांचे टप – आणि काचेत तो, माझ्याकडे बघणारा.

फोन आवरणं मला जमायचंच नाही. त्यामुळे खिडकी माझी ठरलेली. नवल हे, की मी उभी असले की बहुतेक वेळा तोही उभा असे. दोन फोनांच्या मधे जेवढं बोलता येईल तेवढं आम्ही बोलायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. पाय दुखले की मी एका पायावर भार टाकायची. तो म्हणायचा, बगळा झालीस, आता एखादा मासा बघ. घरी आई पायांशी गरम पाण्याची बादली ठेवायची आणि म्हणायची, दुभत्या गाईच्या लाथा गोड. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "दूध कुठंय? नुसत्या लाथाच."

त्याच्या रांगेत एक वयानं मोठ्या बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. एका दुपारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. झटपट फोन आवरण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, असं त्यांच्याकडून कळलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या फोनांचे आकडे दिसत; तिथं माझे मागे पडले, की आपलाही फोन लांबावा म्हणून तो गिऱ्हाइकाला मशीनचं झाकण दोनदा उघडायला लावायचा. तो हे मुद्दाम करतो, हे साहेबांनी ओळखलं होतं, आणि आणखी एकदा खुर्ची गेली की त्याला काढायचं, हे पक्कं केलं होतं. त्याच्या घरी धाकटी बहीण शिकत होती. कमावता तो एकटाच.

"तुला त्याच्याबद्दल काही वाटत असेल, तर खिडकी सोड," ताई म्हणाल्या.

वाटत होतं. म्हणून त्याला काही न सांगता मी त्या दुपारी एकामागून एक फोन तोडत गेले. एक आजोबा म्हणाले, "जरा थांबता का बाई, चष्मा शोधतो." मी थांबले नाही.

पण माझे सकाळचे आकडे बघून त्यानं आपले फोन आधीच लांबवले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या रांगेतल्या एका नव्या मुलीची खुर्ची ओढली. मग त्याची. संध्याकाळी जाताना सामान घेऊन जा, तोवर उभा राहा, असं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं. सगळे हसले. खिडकीपाशी पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. मी बसलेली दिसले, तसा तोही हसला... सुटल्यासारखा.

मी उठले. माझी खुर्ची ढकलत त्याच्यापाशी नेली. तिची चाकं भलतीच कुरकुरत होती. साहेब म्हणाले, जागेवर ठेव, नाहीतर तूही जा.

त्यानं खुर्ची नव्या मुलीकडे सरकवली. ती साहेबांकडे बघत उभीच राहिली.

आम्ही दोघं बाहेर पडलो. इमारतीच्या पायऱ्यांवर तो थबकला. चेहरा उतरला होता.

"बहिणीला काय सांगू, कळत नाही," तो म्हणाला. "पण तू कशाला आलीस?"

"तू उभा होतास म्हणून."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आणखी एक सांगायचंय," मी म्हटलं. "पण... जरा लांबेल."

त्यानं हातानं पायरीवरची धूळ झटकली – माझ्यापुरती.

"आधी बस," तो म्हणाला.