सातव्या धड्यातली तिसरी नोंद

सातव्या धड्याची लेखिका मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता नाहीशी झाली. आता तसं काही झालंच नाही असं धरून चालू. ती स्वतःही तसंच धरून चालली होती.

तिच्या कंपनीने एक फ्रेमवर्क बनवलं होतं, म्हणजे वेबसाइट उभी करायला लागणारा तयार सांगाडा. तो कसा वापरायचा हे नवशिक्यांना शिकवणारे सात धडे तिने लिहिले. सरावाला प्रत्येकाला एक तयार यादी मिळायची, चार माणसांची. माणसं खोटी घ्यायची असा नियम होता. पण तिला खोटी माणसं सुचेनात, म्हणून तिने आपल्याच ऑफिसच्या खोलीतले चौघे यादीत बसवले. सातवा धडा होता तिसरी नोंद पुसायचा. दुसऱ्या कुणाला जगाकडून पुसून घ्यायचं हे काही बरं दिसत नाही, म्हणून तिथे तिने स्वतःला घातलं. सौजन्य कधी अंगाशी येईल सांगता येत नाही.

धडे तुफान चालले.

पहिल्या आठवड्यात दारावरच्या यंत्राने तिचा अंगठा ओळखला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या खुर्चीवर प्रिंटर आला. तिने तो उचलून जमिनीवर ठेवला आणि बसली. दुसऱ्या दिवशी प्रिंटर पुन्हा खुर्चीवर. मग तिने त्याला मांडीवरच घेतलं आणि काम सुरू केलं. दिवसभर लोक येऊन तिच्या मांडीवरून कोमट कागद उचलून नेत होते. "जरा सरक" एवढंही कोणी म्हटलं नाही.

घरी आईने दोनच ताटं मांडली, स्वतःचं आणि बाबांचं.

"आई, माझं?"

आई दचकली, मग हसली. "अगं बाई, तू आहेस होय."

"तीस वर्षं आहे."

"हो ना," आई म्हणाली आणि तिसरं ताट घेऊन आली. जेवताना मात्र ती लेकीकडे अधूनमधून निरखून बघत होती. शेवटी वाढायला पुढे वाकून म्हणाली, "संकोच करू नका हं. घ्या अजून."

आई आपल्याला अहो-जाहो करते आहे हे ऐकून तिची भूक मेली. तरी तिने दोनदा मागून घेतलं. म्हटलं, पानावरून तर कोणी उठवत नाही ना, बघू.

सकाळी ऑफिसात ती समोरच्या टेबलावरच्या, प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरकडे गेली. त्याचं काम सगळ्यावर संशय घेण्याचं, म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"मला कोणीतरी पुसतंय," ती म्हणाली.

"सुट्टी घे."

"सातवा धडा पुरा करणारे वाढतात, तशी मी कमी होते."

"मग यादीतून नाव काढ."

"तीनदा काढलं. जेवून येईपर्यंत परत माझंच नाव असतं."

"एकदा घडलं तर योगायोग," शंकासुर म्हणाला. "माझ्यासमोर घडव, मग बोलू."

तिने कोरं मशीन ओढलं. नवीन धडा आधी कोऱ्या मशीनवर करून बघायचा, ही तिथली रीतच होती. तिने यादी उघडली. तिसरी नोंद पुसली.

"हे बघ, तुला जर खरंच..." शंकासुर बोलता बोलता थांबला. त्याने चष्मा काढून ठेवला. मग खोलीत एकटा असलेला माणूस जे करतो ते त्याने केलं, निवांतपणे नाक कोरू लागला.

तिने नोंद परत घातली.

"...भीती वाटत असेल, तर सुट्टी घेच."

"आत्ता तू नाक कोरत होतास."

शंकासुराने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किती जणांनी पुरा केलाय सातवा?" त्याने हळूच विचारलं.

"काल संध्याकाळी एकोणीस हजार."

"आणि परत घालणारी तू एकटी."

"म्हणून आठवा धडा लिहितेय. पुसलेली नोंद परत कशी आणायची. जेवढे पुसतील तेवढेच परत आणतील. मी काय यांच्या सरावाला जन्माला आलेय?"

तिने तीन दिवस मान वर केली नाही. दाराने आत सोडलं नाही तेव्हा खिडकीतून आली. दिवे गेले की समजायचं, खोली रिकामी आहे असं दिव्यांना वाटतंय. ती अंधारात टाईप करायची.

मंगळवारी तिने धडा पाठवला.

शंकासुराने कोऱ्या मशीनवर एकेक पायरी करून पाहिली.

"चालतंय," तो म्हणाला. "प्रसिद्ध करतो. लेखक म्हणून..."

त्याने मान वर केली.

सव्वातीन वाजले होते.

त्याने रकाना रिकामा ठेवला.

धडा चांगला आहे. त्यात एकही चूक नाही. फक्त धडे शिकल्याचं प्रमाणपत्र सातवा पुरा होताच मिळतं, त्यामुळे आठवा कोणी उघडत नाही.

आठव्या धड्याच्या तळाशी रोज सकाळी एक मजकूर असतो. शंकासुर तो दुपारी काढून टाकतो, कारण तो कोणी लिहिला याची कुठेच नोंद नाही. मजकूर असा :

"अर्जदार आपल्या जागेवर हजर असून उठणार नाही. तरी प्रमाणपत्र हाती आल्यावरही प्रत्येक वाचकाने आठवा धडा निदान एकदा पूर्ण करावा, ही विनंती."