तिचा बॉल सोपा, माझा अवघड

लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले धापा टाकत चढून वर आले, आणि ती का बंद आहे ते तिथे कळलं. लिफ्टच्या उघड्या दारात एक माणूस पालथा पडून खालच्या पोकळीत डोकावत होता. त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते.

"चढावं लागलं ना? माफ करा," मान न वळवताच तो म्हणाला. "अजून अर्धा तास."

"माझं काही नाही. पण मागून आमच्या क्लबाचे सेक्रेटरी काका येतायत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि ते तुम्हाला दोन्ही गुडघ्यांबद्दल वेगवेगळं सांगतील."

तो हसला, वळला, आणि त्याला माझ्या खांद्यावरची बॅटची पिशवी दिसली.

"टेबल टेनिस? मी पण खेळायचो... बरा खेळायचो."

"मग या की. हात धुऊन या फक्त."

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. पण तो खरंच आला, बाह्या दुमडून, साबणाचा वास घेऊन.

आमचा हॉल म्हणजे दोन टेबलं, एक बाक आणि छताच्या काचेतून गळतं म्हणून कोपऱ्यात ठेवलेली बादली. त्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि बादलीत थेंब पडत होते. मी काकांची जादा बॅट त्याच्या हातात दिली.

इथे माझ्या खेळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या बॅटला एका बाजूला सगळ्यांसारखं गुळगुळीत रबर आहे आणि दुसऱ्या बाजूला लांब दाण्यांचं. त्याला पिंपल म्हणतात. त्या दाण्यांवर बॉल आला की समोरच्याने दिलेली फिरकी उलटी होऊन त्याच्याकडेच परत जाते. तो जितका जीव खाऊन मारेल तितका बॉल हमखास जाळीत. मी टेबलापासून लांब उभी राहून बॉल नुसता खालून कापत राहते. ठोकणाऱ्यांशी खेळणं सोपं असतं. त्यांचा बॉल वेगाने येतो, पण जसा दिसतो तसाच असतो. काही जण भिंतीसारखे सगळं परत देतात, त्यांच्यासमोर धीर लागतो. आणि माझ्यासमोर काय लागतं ते अजून कोणाला सापडलेलं नाही. क्लबात मला निवडुंग म्हणतात. तोंडावर म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

लिफ्टवाला फार वाईट हरला. हरल्यावर लोक माझी बॅट मागून घेतात, नखाने दाणे खरवडतात आणि असल्या रबरावर बंदी घालायला हवी म्हणतात. हा बाकावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिला.

"तुम्ही केलंत काय नेमकं? परत करा."

मी परत केलं. बॉल जाळीत.

"परत..."

काका येऊन गुडघे चोळत बसले, पाऊस थांबला, लिफ्ट तशीच उघडी राहिली आणि तो 'परत' म्हणत राहिला. मी प्रेमात पडले ती तिथेच. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

तो क्लबाचा सभासद झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. त्या दोन दिवशी माझी काम उरकण्याची घाई बघून मालक म्हणायचे, "आज कोणाची नजर उतरवायची आहे?" मी काच आणखी जोरात घासायचे.

"बॉल तर सरळ येताना दिसतो," तो म्हणायचा.

"सरळच येतो."

"मग जाळीत कसा जातो?"

"तुम्ही घालता."

"आणि तुम्ही?"

"मी काय... मी तर लांब उभी असते."

"फारच लांब. आणखी मागे गेलात तर बोलायला फोन करावा लागेल." मग बॉल उचलायला वाकला आणि खालूनच म्हणाला, "नंबर द्या ना."

नंबर दिला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. माझं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात फिजिओ आली.

फिजिओ म्हणजे खालच्या मजल्यावर नव्याने दवाखाना थाटलेली बाई. माझ्याच वयाची, उंच, केस घट्ट बांधलेले. पहिल्याच दिवशी तिने काकांच्या गुडघ्यांना दोन व्यायाम सांगितले आणि काका कायमचे तिच्या बाजूचे झाले. तिचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला.

आणि तिचा फोरहँड. स्वच्छ, वेगवान, जसा दिसतो तसा येणारा. लिफ्टवाल्याला असाच बॉल हवा असतो. दोघं खेळायला लागले की टक-टक, टक-टक, शिवणयंत्रासारखा आवाज यायचा आणि थांबायचाच नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक आपला खेळ सोडून बघायचे. बॉल सुटला की दोघं एकदम हसायचे. माझ्याशी खेळताना त्याच्या कपाळावर आठ्या असायच्या, आणि तिच्याशी खेळताना... मी बाकावर बसून टॉवेलचा पीळ करत राहायचे. घाम पुसून झालेला असायचा, तरी.

"अगं, तू ये ना, तिघं आलटून पालटून खेळू," फिजिओ म्हणायची.

"नको, माझा खांदा दुखतोय."

"बघू दे."

झालं. ज्या बाईवर मी जळत होते तिनेच माझा खांदा दाबून दिला, फार छान दाबून दिला, आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मी दार आपटलं.

"कोणावर दात खातेस?" आई म्हणाली.

"कोणावर नाही."

"दाराने काय घोडं मारलंय मग?"

मी चपला काढल्या. "आई, मी अवघड आहे का गं?"

"कशात?"

"खेळायला."

"खेळातलं मला काय कळतंय? बाकी विचारशील तर आहेस."

पुढे महिन्यावर क्लबाची मिक्स्ड डबल्सची स्पर्धा होती. जोड्यांची नावं काकांकडे त्याआधीच्या एका रविवारपर्यंत द्यायची होती. त्याने मला विचारावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पाण्याच्या पिंपापाशी उभी राहा, बुटाची नाडी सोडून परत बांध, असले सगळे चाळे मी करून बघितले. त्याने विचारलं नाही. मग एका मंगळवारी काकाच त्याला म्हणाले, मी चार हातांवर असताना:

"फिजिओला घे. निवडुंगाच्या समोर खेळणं वाईट, आणि तिच्या बाजूने खेळणं त्याहून वाईट. डबल्समध्ये आळीपाळीने मारायचं, म्हणजे ती कापणार, समोरचे काहीतरी वेडंवाकडं परत करणार, आणि पुढचा बॉल तुझ्या वाट्याला."

"फिजिओशी खेळणं सोपं आहे, हे खरं," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. मी घरी गेले आणि आईने वाढलेलं ताट तसंच ठेवून विचार करत बसले. सोपं हवंय ना? ठीक आहे, मी सोपी होते.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या दुकानात जाऊन गुळगुळीत लाल रबर आणलं. वर्षानुवर्षांचं दाण्यांचं रबर बॅटवरून सोलून काढलं, नवीन चिकटवलं, कडेने ब्लेडने कापलं. काचा घासणारे हात आहेत माझे, कड अगदी सुबक आली. बॅट हातात घेतली तर दुसऱ्याच कोणाची वाटली. मी मनाला समजावलं, होईल सवय.

शुक्रवारी मी टेबलाजवळ उभी राहिले. लांब नाही, जवळ. त्याने पहिला बॉल मारला आणि मी तो सरळ परत दिला. त्याने पुन्हा मारला. टक-टक, टक-टक. शिवणयंत्र सुरू झालं, आणि या वेळी ते माझं होतं. बाकावरची फिजिओ बघतेय ना, हे मी चोरून पाहून घेतलं. बघत होती. मला इतका आनंद झाला की गेम हरले त्याचंही काही वाटलं नाही.

त्याच्या कपाळावर एकही आठी नव्हती. पण तो हसतही नव्हता. जाळीपाशी येऊन त्याने माझी बॅट मागितली, उलटी केली आणि लाल रबरावरून अंगठा फिरवला.

"हे कधी?"

"बुधवारी."

"का?"

"असंच... कंटाळा आला होता."

त्याने बॅट टेबलावर ठेवली, टॉवेल उचलला आणि निघून गेला. लिफ्ट आता चालू होती, तरी तो जिन्याने उतरला. मागोमाग फिजिओ 'अरे थांब' म्हणत धावली. मी वरच्या कठड्यावरून बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती त्याला काहीतरी समजावत होती आणि तो मान हलवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाणे पण गेले आणि माणूस पण.

रविवारी हॉल झाडायची पाळी माझी होती. सकाळी लवकर गेले. झाडून घ्यावं, काकांना सांगावं की यंदा मी डबल्स खेळत नाही, आणि परत यावं, एवढाच विचार होता. तिसऱ्या मजल्यावर असतानाच वरून आवाज ऐकू आला. टक... मग बराच वेळ काही नाही... टक... आणि बॉल जाळीत. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. माझ्या बॉलचा आवाज.

दार ढकललं. टेबलाच्या त्या टोकाला, टेबलापासून लांब, माझ्या जागी, फिजिओ उभी होती. हातातल्या बॅटला काळं, लांब दाण्यांचं रबर. ती कापत होती आणि लिफ्टवाला समोरून झगडत होता.

नंबर घे, जोडी घे, हसणं घे. पण माझं रबरसुद्धा तिला?

"वा," मी म्हणाले. "आता हे पण तिलाच शिकव."

दोघंही दचकले. त्याच्या हातून बॉल निसटून बादलीत पडला.

"मी शिकवतोय तिला?" तो म्हणाला. "अगं, ती मला..."

"थांब, मी सांगते," फिजिओ बाकावर बसत म्हणाली. "बाई, मला या माणसाच्या तावडीतून सोडव. बॅट यानेच आणली. तीन रविवार झाले, पहाटे उठवून आणतो. तुझ्यासारखं काप म्हणतो. मला नाही जमत तुझ्यासारखं. माझं मनगट गेलं, आणि मी मनगटांचीच डॉक्टर आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेवरची नसलेली धूळ पुसत होता.

"डबल्समध्ये तुझ्या बॉलनंतर जे परत येतं ते मला खेळावं लागणार ना," तो म्हणाला. "ते मला येत नाही. तुला विचारायचं आणि मग तुला हरवायचं... म्हणजे माझ्यामुळे हरायचं, ते नको होतं. जरा जमलं की विचारणार होतो. तेवढ्यात तू सगळे दाणे काढून आलीस."

"तू काकांना म्हणालास, तिच्याशी सोपं आहे."

"आहेच सोपं. खोटं कशाला बोलू? तिच्याशी खेळताना माझ्या मनात उद्याच्या लिफ्टच्या तारा असतात."

"आभारी आहे," फिजिओ म्हणाली.

"आणि माझ्याशी?" मी विचारलं.

"तुझ्याशी खेळताना दुसरं काही सुचतच नाही. तुझं मनगट बघावं लागतं, खांदा बघावा लागतो... तोंड बघावं लागतं. घरी गेल्यावरही तेच डोळ्यासमोर येतं. शुक्रवारी तू इतकं छान खेळलीस, आणि मला तुझ्याकडे बघायची गरजच पडली नाही. मला फार वाईट वाटलं."

जे खरं होतं तेच माझ्या तोंडातून निघून गेलं.

"मी जळते तिच्यावर. तुम्ही दोघं खेळता ना, मला बॉल दिसत नाही, फक्त तू हसताना दिसतोस. महिनाभर जळतेय. आणि तू मला आवडतोस, म्हणून जळतेय."

फिजिओ उठली. "मी पाणी पिऊन येते. सावकाश पिते." दार तिने हळूच ओढून घेतलं.

तो टेबलाला वळसा घालून आला. फिजिओने ठेवलेली दाण्यांची बॅट उचलून त्याने माझ्या हातात दिली, आणि हात मात्र काढून घेतला नाही.

"मला पण तू... म्हणजे लिफ्ट उघडी टाकून आलो होतो मी त्या दिवशी," तो म्हणाला. "नोकरी जाता जाता राहिली. आवडल्याशिवाय कोण करेल असं?"

"मग जोडीला विचार की."

"खेळशील माझ्याबरोबर?"

"हरू आपण."

"पहिल्याच फेरीत," तो म्हणाला. आता तो हसत होता, आणि समोर मी होते.

"आणि माझा बॉल सगळा कळला की मग?" मी विचारलं. ही भीती मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हती. "मग मी पण सोपी होणार."

त्याने खरंच विचार केला. "मला लिफ्टमधलं सगळं कळतं," तो म्हणाला. "तरी रोज उघडून बघायला आवडतं."

फिजिओ आत आली तेव्हा आम्ही बरं दिसेल एवढ्या अंतरावर उभे होतो. ती बॅगेची चेन लावायला लागली.

"झालं ना? सुटले मी," ती म्हणाली. "पण आता मला फोरहँडला कोण? याच्यासारखा बॉल दुसऱ्या कोणाकडे नाही. मंगळवारचा तासभर हा मला देशील ना?"

ती निर्मळ मनाने विचारत होती. तो माझ्याकडे बघत होता. मी मोठ्या मनाने हो म्हणायला तोंड उघडलं.

"तुझ्याशी मी खेळीन," मी म्हणाले. "दर मंगळवारी. दर शुक्रवारी पण. लाल रबर आहेच माझ्याकडे."